माजी सैनिकांचे निवृत्तिवेतन व औषधोपचाराचा खर्च : सीमाभागातील कुटुंबांसाठी माहिती



बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे घर होय. इ. स. १७६८ मध्ये मुंबईत उभी राहिलेली व पुढे ‘जंगी पलटण’ या नावाने प्रसिद्धीस आलेली पलटण ही या रेजिमेंटची ज्येष्ठ शाखा, आणि १९२२ पासून रेजिमेंटचे केंद्र बेळगावात आहे. साहजिकच बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी व निपाणी या भागांत आणि सीमेपलीकडील चंदगड, गडहिंग्लज, कागल, शिरोळ या तालुक्यांत सैन्यात कोणीच गेले नाही असे गाव विरळा. शिरोळ तालुक्यातील एका गावाला तर लोक ‘सैनिक टाकळी’ म्हणूनच ओळखतात.

दर्शनास येणाऱ्या भाविकांत माजी सैनिक व त्यांच्या पत्नी यांची संख्या मोठी आहे. देवापुढे नारळ ठेवून झाल्यावर त्यांच्या बोलण्यात बहुधा तीनच गोष्टी येतात : पेन्शन अडकली, नाव चुकले, दवाखान्याचे बिल परत आले. या तिन्हींविषयी एकत्रित माहिती मराठीतून मिळावी, म्हणून प्रस्तुत लेख देत आहोत. जे पुत्र, पुतणे, शिक्षक व कार्यकर्ते वडीलधाऱ्यांचे अर्ज लिहून देतात, त्यांनी तो विशेष लक्षपूर्वक वाचावा. आमच्या पाहण्यात हक्कच नव्हता म्हणून नाकारले गेलेले दावे थोडे आहेत. एक कागद दुसऱ्या कागदाशी जुळत नाही म्हणून वर्षानुवर्षे पडून राहिलेले दावेच पुष्कळ.

कोणते काम कोणाकडे

निवृत्त सैनिकाची सेवाविषयक नोंद त्याच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसात असते. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच असल्यामुळे आपल्या भागातील लोकांचा असा समज झाला आहे की, सर्वांचेच कागद तेथे सापडतील. तसे नाही. तोफखान्यात सेवा केलेल्यांची नोंद नाशिक रोड येथे, बॉम्बे सॅपर्सची पुण्याजवळ खडकीस, महार रेजिमेंटची मध्य प्रदेशात सागर येथे, सिग्नल्सची जबलपूरला, ईएमईची सिकंदराबादला. निवृत्तीनंतर डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, म्हणजे डीएससीत, पुन्हा भरती झालेल्यांची दुसऱ्या सेवेची नोंद केरळातील कण्णूर येथे असते. अशा गृहस्थांचे दोन रेकॉर्ड ऑफिसांशी नाते असते, हे घरातील मंडळींना पुष्कळदा त्यांच्या पश्चातच कळते.

निवृत्तिवेतन मंजूर करण्याचे काम प्रयागराज येथील संरक्षण लेखा प्रधान नियंत्रक (पेन्शन) यांचे कार्यालय करते. त्यांचा आदेश म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर, ज्याला सर्वजण पीपीओ म्हणतात. पूर्वी या आदेशाप्रमाणे बँका पैसे देत. २०२१ पासून संरक्षण मंत्रालयाची ‘स्पर्श’ ही संगणकीय व्यवस्था सुरू झाली, टप्प्याटप्प्याने जुन्या निवृत्तांची खातीही तिच्यात नेण्यात आली, आणि आता पैसे थेट तेथून बँक खात्यात येतात. म्हणून रक्कम कमी आली तर बँकेच्या शाखाधिकाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ उरलेला नाही. त्यांच्या हाती केवळ खाते आहे.

जिल्हा पातळीवर माजी सैनिकांसाठी राज्य शासनाचे कार्यालय असते. बेळगाव जिल्ह्यासाठी ते कर्नाटकाच्या सैनिक कल्याण व पुनर्वसन खात्याचे, तर कोल्हापूर जिल्ह्यासाठी महाराष्ट्राचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. निपाणीहून कोल्हापूर जवळ व बेळगाव लांब. तरीही निपाणीच्या रहिवाशाचे ओळखपत्र, शिफारसपत्र व राज्य शासनाच्या सवलती बेळगावच्या कार्यालयातूनच मिळतात. पेन्शन मात्र केंद्राची. तिला राज्याची सीमा आडवी येत नाही. ‘तुम्ही कर्नाटकातले, तुमची पेन्शन वेगळी’ असे कोणी सांगत असल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

वरील कोणतेही कार्यालय अर्ज दाखल करण्यासाठी टक्केवारी मागत नाही. थकबाकीतून हिस्सा घेण्याच्या बोलीवर कागद तयार करून देणारे मध्यस्थ गावोगावी फिरतात. त्यांच्या हाती मूळ डिस्चार्ज बुक कदापि देऊ नये.

गाव एक, पत्ते अनेक

सीमाभागातील माणसांपुढे एक अडचण अशी आहे की, जी साताऱ्याच्या किंवा धारवाडच्या माणसाला सहसा येत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्या दिवसापासून तो म्हैसूर राज्यात गेला. १ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे व जिल्ह्याचे अधिकृत नाव बेळगावी झाले. निपाणी आधी चिकोडी तालुक्यात होती, आता तिचा स्वतंत्र तालुका आहे. म्हणजे घर व उंबरठा तोच असताना, वडिलांच्या डिस्चार्ज बुकात ‘म्हैसूर राज्य’, मुलाच्या कागदात ‘तालुका चिकोडी’ आणि आजच्या आधारकार्डावर ‘तालुका निपाणी, जिल्हा बेळगावी’ असे लिहिलेले असते. पिनकोड तर १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. त्यापूर्वीच्या कागदांत तो शोधू नये. दूर प्रयागराजला बसलेल्या लिपिकाला हा इतिहास ठाऊक असेलच असे नाही. अर्जासोबत तहसीलदार कार्यालयाचा रहिवासी दाखला जोडावा आणि पत्रात दोनच ओळींत बदल स्पष्ट करावा, म्हणजे पुढचा पत्रव्यवहार वाचतो.

पत्त्यापेक्षाही नावाचा प्रश्न अधिक त्रासदायक ठरतो. सैन्याच्या कागदांत आडनाव आधी व नाव नंतर, वडिलांचे नाव कधी आहे तर कधी गाळलेले. आधारकार्डावर तीच नावे वेगळ्या क्रमाने. त्यात लिप्यांची भर पडते. मारुती, सविता अशा नावांतील ‘त’ इंग्रजीत लिहिताना महाराष्ट्रात ‘टी’ हे एकच अक्षर वापरतात; कर्नाटकातील कार्यालयांत पुष्कळदा त्यापुढे ‘एच’ही येतो. एका अक्षराचा हा फरक माणसाला क्षुल्लक वाटतो, संगणकाला वाटत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर आपल्या रूढीनेच घोळ वाढविला आहे. लग्नात नाव बदलण्याची पद्धत असल्याने माहेरी सोनाबाई, सासरी लक्ष्मी आणि साऱ्या गावात अक्काताई, अशी एकाच बाईची तीन नावे असतात. जवान रजेवर येऊन लग्न करून गेला आणि पलटणीत जाऊन त्याने जे नाव सांगितले ते पार्ट टू ऑर्डरमध्ये प्रसिद्ध झाले. तेच पुढे पीपीओवर आले. रेशनकार्डावर, मतदार यादीत व बँकेत दुसरेच नाव. पती जिवंत असेपर्यंत याची झळ कोणालाच लागत नाही. तो गेल्यावर मात्र, ‘कुटुंब निवृत्तिवेतन मागणारी स्त्री ही नोंदीतील पत्नीच कशावरून?’ असा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर देणारा एकमेव साक्षीदार तोवर निघून गेलेला असतो.

यास्तव आमची आग्रहाची विनंती अशी की, पेन्शनधारक हयात असतानाच पीपीओ काढून पत्नीचे नाव व जन्मतारीख तपासावी. नाव जुळत नसल्यास ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र, आधार, पॅन आणि डिस्चार्ज बुकातील कुटुंबाच्या नोंदीचे पान जोडून रेकॉर्ड ऑफिसकडे दुरुस्तीचा अर्ज द्यावा. स्पर्शच्या खात्यातूनही अशी विनंती नोंदविता येते. दुरुस्ती मान्य झाल्यावर सुधारित पीपीओ निघतो. निवृत्तीनंतर झालेला विवाह, दुसऱ्या पत्नीशी झालेला कायदेशीर विवाह, उशिरा झालेली अपत्ये यांच्याही नोंदी याच मार्गाने कराव्यात. सैन्याची नोंद बरोबर व आधारकार्ड चुकीचे असेल तर आधारकार्ड दुरुस्त करणे हा सोपा मार्ग. घाईघाईने सैन्याचीच नोंद बदलायला निघालेली माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांचे काम दुप्पट होते.

जन्मतारखेचे महत्त्व वेगळे सांगावयास हवे. वयाची ८० वर्षे पूर्ण झाल्यावर मूळ निवृत्तिवेतनात २० टक्के, ८५ ला ३० टक्के, ९० ला ४० टक्के, ९५ ला ५० टक्के आणि शंभरीला १०० टक्के वाढ मिळते. ही वाढ कुटुंब निवृत्तिवेतनासही लागू आहे. पण जुन्या पीपीओंवर पत्नीची जन्मतारीखच नसते, आणि तारीख नाही म्हणून वाढही नाही. शाळेचा उंबरा न ओलांडलेल्या आजीकडे दाखला कोठून येणार, ही अडचण खरी आहे. आधार, पॅन व मतदार ओळखपत्र यांवरील तारखा तरी आधी एकसारख्या करून घ्याव्यात.

मृत्यूचा दाखला, वंशावळ किंवा नाडकचेरीतून मिळालेले अन्य दाखले केवळ कन्नडमध्ये असतील तर त्यांचा इंग्रजी अथवा हिंदी अनुवाद साक्षांकित करून सोबत पाठवावा. मराठी दाखल्यांनाही हाच नियम लावणे शहाणपणाचे.

पतीच्या निधनानंतर

पेन्शनधारकाचे निधन झाल्यास त्याची नोंद स्पर्शमध्ये ताबडतोब करावी. तेराव्यापर्यंत थांबण्यास हरकत नाही. वर्षश्राद्धापर्यंत मात्र थांबू नये. खात्यात पेन्शन येतच राहिली आणि मुलांनी ती एटीएममधून काढली, तर ती रक्कम पुढे वसूल होते, आणि वसुलीचा भार अखेर आईच्याच कुटुंब निवृत्तिवेतनावर पडतो. पती-पत्नींचे संयुक्त खाते असल्यास नवे खाते उघडण्याचा खटाटोप वाचू शकतो.

सर्वसाधारण कुटुंब निवृत्तिवेतनाचा दर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतो. आरंभी काही काळ तो वाढीव, म्हणजे ५० टक्के असतो : निवृत्तीनंतर मृत्यू झाल्यास सात वर्षे, अथवा दिवंगत सैनिकाला ६७ वर्षे पूर्ण झाली असती तोपर्यंत, यांपैकी जे आधी येईल ते. या मुदतीनंतर रक्कम एकाएकी घटते. ती चूक नव्हे. सैन्यसेवेशी निगडित कारणाने मृत्यू आल्यास विशेष कुटुंब निवृत्तिवेतन ६० टक्के, आणि युद्धात वा तत्सम कारवाईत वीरमरण आल्यास उदार कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाइतके मिळते. कोणता प्रकार मंजूर झाला आहे, हे पीपीओवर लिहिलेले असते. ते एकदा वाचून घ्यावे.

आणखी एक बाब पुष्कळांना ठाऊक नसते. सैन्यातून निवृत्त होऊन नंतर सरकारी नोकरी केलेल्यांच्या पत्नींना पूर्वी दोहोंपैकी एकच कुटुंब निवृत्तिवेतन निवडावे लागे. २४ सप्टेंबर २०१२ पासून सैनिकी व नागरी अशी दोन्ही मिळण्याची तरतूद झाली. त्याआधी वैधव्य आलेल्यांनाही त्या तारखेपासून लाभ आहे, मात्र त्यासाठी अर्ज करावा लागतो. असे एखादे जुने प्रकरण घरात असल्यास रेकॉर्ड ऑफिसकडे विचारणा करावी.

अपत्यांस कुटुंब निवृत्तिवेतन सामान्यतः २५ वर्षांपर्यंत मिळते. जे अपत्य अपंगत्वामुळे स्वतः कमवू शकत नाही, त्यास आयुष्यभर मिळू शकते. अशा मुलाचे नाव आईवडील हयात असतानाच वैद्यकीय प्रमाणपत्रासह पीपीओवर चढवून घ्यावे. मागे राहिलेल्या भावांना हे काम करावयास लागले, तर ते किती वर्षे चालेल याचा भरवसा नाही.

हयातीचा दाखला

नोव्हेंबर महिना आला की बँकांपुढे रांगा, हे दृश्य आता कमी झाले आहे. २०१४ च्या नोव्हेंबरपासून ‘जीवन प्रमाण’ हा संगणकीय दाखला मिळू लागला. तो भरताना वितरण करणारी संस्था म्हणून जुनी बँक न निवडता स्पर्श निवडावी, कारण येथेच सर्वाधिक दाखले वाया जातात. दाखल्याची मुदत स्पर्शच्या खात्यात दिसते, ती पाहून ठेवावी. निपाणी परिसरात आयुष्यभर विड्या वळलेल्या माताभगिनींच्या बोटांवरील रेषा झिजून ठसे उमटत नाहीत; त्यांनी २०२१ पासून सुरू झालेली चेहरा ओळखण्याची सोय वापरावी. ‘दाखला संपला, पेन्शन बंद होईल, आलेला क्रमांक सांगा’ असे दूरध्वनीवर सांगणारा मनुष्य ठग असतो, हे वृद्धांच्या कानी वारंवार घालावे.

औषधोपचाराचा खर्च

माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, जी ईसीएचएस या नावाने परिचित आहे, १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. आपल्या परिसरात बेळगाव व कोल्हापूर या दोन्ही ठिकाणी तिची पॉलिक्लिनिके आहेत. योजना केंद्राची असल्याने निपाणीच्या माणसाने कोल्हापूरला जाण्यास राज्याची आडकाठी नाही. पद्धत अशी : आधी पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी, तेथून संदर्भपत्र, मग योजनेशी संलग्न रुग्णालयात रोख रक्कम न भरता उपचार. संदर्भपत्राशिवाय, ओळखीचा डॉक्टर आहे म्हणून परस्पर खाजगी रुग्णालयात जाऊन ठरवून शस्त्रक्रिया करविली, तर ते पैसे परत मिळण्याची आशा धरू नये.

अकस्मात संकट आले तर गोष्ट निराळी. हृदयविकाराचा झटका, अपघात, पक्षाघात अशा प्रसंगी जवळच्या कोणत्याही रुग्णालयात जाता येते. रुग्णालय संलग्न असल्यास कार्ड दाखविताच पुढील कळविण्याचे काम ते करते. संलग्न नसल्यास रुग्णाच्या नातेवाइकांनी ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवावे. बिले नाकारली जाण्याचे हे सर्वांत मोठे कारण असावे असे आम्हांस वाटते. घरची मंडळी रुग्णाच्या काळजीत बुडालेली असतात, आणि तिसऱ्या दिवशी कोणाला तरी आठवण होते. कार्डाच्या मागे पॉलिक्लिनिकचा क्रमांक चिकटवून ठेवणे हा साधा उपाय आहे.

असंलग्न रुग्णालयाचे बिल आधी स्वतः भरावे लागते. नंतर परतफेड होते ती शासनमान्य दरांनी, बिलाच्या संपूर्ण रकमेची नव्हे. लाखाच्या बिलात हा फरक हजारोंचा असू शकतो. म्हणून रुग्णाची प्रकृती स्थिरावताच संलग्न रुग्णालयात हलविण्याचा विचार करावा.

परतफेडीच्या अर्जासोबत तातडीच्या उपचाराचा डॉक्टरांचा दाखला, डिस्चार्ज समरी, तपशीलवार मूळ बिले, औषधांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे अहवाल, ईसीएचएस कार्डाची प्रत व रद्द केलेला धनादेश जोडावा. ‘एकूण औषधे इतके रुपये’ अशा ठोक बिलाचा उपयोग नाही. प्रत्येक बाब, तारीख व रक्कम वेगळी हवी. हृदयात स्टेंट अथवा गुडघ्यात कृत्रिम सांधा बसविला असल्यास त्याच्या वेष्टनावरील स्टिकर व खरेदीचे बिल जपून ठेवावे. बिलावरील रुग्णाचे नाव कार्डावरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. म्हणजे अक्काताईंची गोष्ट पुन्हा येथे आलीच. सर्व कागदांची एक प्रत घरी ठेवून, मूळ कागद दिल्याची पोच घ्यावी.

पॉलिक्लिनिकमध्ये औषध शिल्लक नसल्यास, ते उपलब्ध नसल्याचा शेरा तेथून लेखी घेऊन मगच बाहेरून विकत घ्यावे. आधी विकत घेऊन मागाहून शेरा मागू नये.

ईसीएचएसचे सदस्य नसलेल्या जुन्या निवृत्तांस दरमहा निश्चित वैद्यकीय भत्ता मिळतो. १ जुलै २०१७ पासून त्याचा दर १,००० रुपये ठरला. सदस्य झाल्यावर हा भत्ता बंद व्हावयास हवा. काहींचा तो अनवधानाने चालूच राहतो, आणि वर्षांनंतर वसुलीची नोटीस आली की घरात घबराट उडते. दोन्ही चालू असल्याचे ध्यानात येताच स्वतःहून लेखी कळवावे. त्याचप्रमाणे खाजगी विमा असल्यास तो लपवून एकाच बिलाची दोन ठिकाणी पूर्ण रक्कम मागू नये, आणि आपले कार्ड भाच्या-पुतण्यांस उपचारासाठी देऊ नये. सदस्यत्व निलंबित झाले तर पत्नीच्याही औषधांवर गदा येते, हे कार्ड मागणाऱ्या पाहुण्याला स्पष्ट सांगावे.

अपंगत्व, अपील व विलंब

सेवेतून बाहेर पडताना वैद्यकीय मंडळाने अपंगत्व किती टक्के ठरविले, आणि ते सैन्यसेवेमुळे उद्भवले किंवा वाढले असे म्हटले की नाही, यावर अपंगत्वाचे निवृत्तिवेतन अवलंबून असते. साधारणतः किमान २० टक्के अपंगत्व आवश्यक धरले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंह यांच्या प्रकरणात असे सांगितले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसल्यास सैनिक निरोगी होता असे गृहीत धरावे, आणि आजाराचा सेवेशी संबंध नाही हे दाखविण्याची जबाबदारी शासनावर राहील. सप्टेंबर २०२३ पासून पात्रतेचे नवे नियम लागू झाले असल्यामुळे निवृत्ती कोणत्या तारखेची, हे आधी पाहावे लागते.

दावा नाकारल्यास प्रथम अपील, मग द्वितीय अपील, आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण असा क्रम आहे. हे न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने स्थापन झाले. येथे मात्र सीमा आडवी येते : कर्नाटकाची प्रकरणे कोची येथील खंडपीठाकडे जातात, महाराष्ट्राची मुंबईकडे. कागलचा निवृत्त हवालदार मुंबईस जाईल आणि पंधरा-वीस किलोमीटरवरील निपाणीचा त्याचा सोबती केरळास. अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांत अर्ज करावयाचा असतो; सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो.

विलंबाची किंमत मात्र चुकत नाही. तरसेम सिंह यांच्या २००८ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, निवृत्तिवेतनाचा हक्क दर महिन्याला नव्याने निर्माण होत असल्याने उशिरा आलेला दावाही ऐकता येईल, परंतु थकबाकी सामान्यतः अर्ज दाखल होण्यापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळेल. वीस वर्षांपूर्वी थांबलेल्या पेन्शनचा अर्ज आज केला, तर पहिल्या सतरा वर्षांची रक्कम बहुधा गेली. आणि पुढे अर्ज जितके महिने लांबेल, तितक्या महिन्यांची आणखी जाईल.